तंजावूरचा भातपट्टा : शेतमजूर स्त्रिया, अल्पभूधारक व तरुण

तंजावूर राजवाड्याच्या परिसरापासून पूर्वेला समुद्रापर्यंत पसरलेल्या कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात लहान शेतकरी, शेतमजूर स्त्रिया आणि तरुण यांना जमीन, मजुरी व शेतीचे ज्ञान यांत हक्काचा वाटा मिळावा म्हणून झालेल्या चळवळी, कायदे व संस्थात्मक प्रयत्न. नागपट्टिनम, तिरुवारूर व मयिलादुतुराई हे आजचे जिल्हे १९९१ पूर्वी तंजावूर जिल्ह्यातच मोडत होते.

पार्श्वभूमी : राजवाड्यात १६७६ ते १८५५ भोसले घराण्याचे राज्य होते. या घराण्याने यात्रेकरूंसाठी बांधलेल्या अन्नछत्रांपैकी अनेकांना राजघराण्याशी निगडित स्त्रियांची नावे आहेत. दुसरे सरफोजी यांच्या काळातील ओरत्तनाड येथील मुक्तांबा छत्र हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. छत्रांचा खर्च गावांच्या उत्पन्नातून चाले. त्यातून अन्नदान झाले, शिक्षणाची सोय झाली. कसणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क मात्र वाढला नाही. मालकी मिरासदारांकडे आणि राबणूक पन्नैयाल म्हणजे सालदार मजुरांकडे, ही घडी इंग्रजी अमलातही टिकली. पन्नैयाल बहुतांशी दलित होते.

हक्कांचा लढा : १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांनी या मजुरांची संघटना बांधली. मणलूर मणियम्मै या ब्राह्मण विधवेने घरची चौकट मोडून त्याच कामाला वाहून घेतले. १९५२ च्या तंजावूर कूळ व पन्नैयाल संरक्षण कायद्याने कुळाला पिकाचा दोन पंचमांश वाटा मिळाला. १९६०–६१ पासून सघन शेती जिल्हा कार्यक्रम आला, पाठोपाठ एडीटी–२७ हे भाताचे वाण आले. उत्पादन वाढले, तशी मजुरीची मागणीही जोर धरू लागली. याच संघर्षात २५ डिसेंबर १९६८ रोजी किळवेण्मणी येथे झोपडीत आसऱ्याला गेलेल्या ४४ दलितांना जिवंत जाळण्यात आले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. पुढील वर्षी रास्त शेतमजुरीचा कायदा झाला. १९७१ च्या कायद्याने मजुरांना राहत्या घराखालच्या जागेची मालकी दिली.

लाफ्टी : किळवेण्मणीच्या हत्याकांडानंतर सर्वोदयी दांपत्य एस. जगन्नाथन व कृष्णम्माळ यांनी हाच प्रदेश कर्मभूमी मानला. दोघेही विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीत तयार झालेले; कृष्णम्माळ स्वतः दलित कुटुंबातल्या. १९८१ मध्ये त्यांनी ‘लँड फॉर टिलर्स फ्रीडम’ (लाफ्टी) ही संस्था स्थापन केली. जमीनमालकांशी बोलणी करून, बँकांकडून कर्ज उभे करून जमीन विकत घ्यायची आणि भूमिहीन कुटुंबाला सुमारे एकेक एकर द्यायची, तीही घरातील स्त्रीच्या नावावर, ही तिची पद्धत. अशी सुमारे १३ हजार एकर जमीन वाटली गेली. किनाऱ्यावरील कोळंबी शेतीने भातजमिनी खारावू लागल्या, तेव्हा जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ चा निकाल त्यांच्या बाजूने लागला. २००८ मध्ये दोघांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार आणि २०२० मध्ये कृष्णम्माळ यांना पद्मभूषण मिळाले.

शेतीकाम व प्रशिक्षण : कुरुवै, सांबा व ताळडी या भाताच्या तिन्ही हंगामांत लावणी व निंदणी पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांकडे राहिली. सांबा भात कापणीला आठ-दहा दिवस उरले की उभ्या पिकातच उडीद फोकतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. चिखलातल्या ओलीवर रोप वर येते. अल्पभूधारकाच्या हाती त्यातून जादा पीक लागते. पण कापणीयंत्राच्या चाकांखाली ते कोवळे रोप चिरडले जाते. लावणीयंत्र व कापणीयंत्र आल्याने स्त्रियांचा रोजगार घटतो. म्हणून यंत्र चालवण्याचे, चटई-रोपवाटिकेचे व बियाणे उत्पादनाचे प्रशिक्षण त्यांनाच आधी मिळायला हवे. आदुतुराई येथील भात संशोधन संस्था व तंजावूरची राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था यांचे महत्त्व इथे आहे. दुसऱ्या संस्थेत धान्यप्रक्रिया शिकून तरुणांना गावातच उद्योग उभारता येतो. २०२० च्या कायद्याने हा भातपट्टा संरक्षित विशेष कृषिक्षेत्र ठरला आणि नव्या तेल-वायू प्रकल्पांना बंदी झाली. शेतीत भवितव्य शोधणाऱ्या तरुणांना त्याचा आधार आहे.

मूल्यमापन : महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालवली, तीत शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला वाटा पत्नीच्या नावे करून दिला. लाफ्टीने मात्र, जिच्या घरात ढेकूळभरही जमीन नव्हती, तिला मालकीण केले. एक एकर कुटुंबाला पुरत नाही, हे खरे. पण जमीन नावावर असलेल्या बाईला पीककर्ज मागता येते, सोसायटीची सभासद होता येते आणि मजुरी ठरवताना नकार देता येतो. पाणी, वाण, यंत्र व प्रशिक्षण यांचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचतो तो या हक्कामुळे. म्हणून शेतीविकासाच्या कोणत्याही योजनेची पारख सातबारावर, तमिळनाडूत पट्ट्यावर, कोणाचे नाव चढले यावरूनच व्हावी.