मातागी

मातागी : जपानच्या होन्शू बेटावरील डोंगराळ तोहोकू प्रदेशातील पारंपरिक अस्वलशिकारी. आकिता प्रांतातील आनी हे त्यांचे प्रमुख केंद्र. बांजी बांझाबुरो या धनुर्धराने निक्कोच्या देवतेला युद्धात साहाय्य करून सर्व पर्वतांत शिकारीचा हक्क मिळवला, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे.

छातीवर पांढरी चंद्रकोर असलेले आशियाई काळे अस्वल (पहा : अस्वल) ही त्यांची मुख्य शिकार. वसंतारंभी, बर्फ वितळण्यापूर्वी, गुहेतून बाहेर पडलेल्या अस्वलाला हाकारे आरडाओरडा करून उतारावरून वर रेटतात. माथ्यालगत नेमबाज दबा धरून असतात. म्होरक्याचा शब्द अखेरचा असतो. पूर्वी भाला वापरत; मेइजी काळात (१८६८–१९१२) मुराता बंदूक आली (पहा : मेइजी काळ).

शिकारीमागील श्रद्धा हे या परंपरेचे सर्वांत लक्षणीय अंग होय. डोंगरात गावची बोली टाळून खास सांकेतिक शब्द वापरतात. प्राणी हे पर्वतदेवतेचे दान मानतात. सोललेले कातडे डोके-शेपटीची दिशा उलटी करून धडावर धरतात व प्रार्थना म्हणतात. देवतेला ओकोझे हा कुरूप मासा वाळवून अर्पण करतात. मांसाचे वाटे समान असतात. वाळवलेले पित्ताशय पोटाच्या विकारांवरील औषध म्हणून विकले जाई. फिरत्या विक्रीमुळे मातागी दूरवर पोहोचले (पहा : लोकवैद्यक).

मातागी ज्याची शिकार करत, त्या जपानी सेरो या रानबकरीसारख्या प्राण्याला १९५५ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि त्याची शिकार निषिद्ध राहिली. तात्सुया कुमागाई यांच्या मातागी जीवनावरील कादंबरीस २००४ मध्ये नाओकी पुरस्कार मिळाला.