गाडी लो करणे

गाडी लो करणे : मोटारीच्या सस्पेन्शनमधील स्प्रिंगा आखूड करून किंवा बदलून बॉडी जमिनीच्या जवळ आणणे. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातही ही हौस आहे. ती मुख्यतः दिसण्याची : चाक आणि मडगार्ड यांतली पोकळी भरली की साधी हॅचबॅकही रुबाबदार भासते. रस्त्यावरची पकड वाढते हे कारण मागाहून जोडले जाते. ते निम्मेच खरे आहे.

त्या मॉडेलसाठी बनवलेल्या आखूड व कडक स्प्रिंगा आणि त्यांना पेलतील असे शॉकॲब्सॉर्बर घालणे ही सरळ रीत. कॉइलओव्हर या स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बरच्या जोडसंचात आटे फिरवून उंची कमीजास्त करता येते, पण तो खर्च मोठा. म्हणून मूळ स्प्रिंगचा वेढा ग्राइंडरने कापण्याची पळवाट निघते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे त्याहून वाईट. लाल होईपर्यंत तापवले की पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि स्प्रिंग पुढे आपोआप बसत जाते.

वेढा कापल्याने नेमके काय होते? स्प्रिंगचा प्रत्येक वेढा सारखाच भार पेलतो, त्यामुळे उरलेले वेढे पूर्वीइतकेच दबलेले राहतात आणि गाडी साधारण एका दबलेल्या वेढ्याच्या उंचीइतकी उतरते. काम करणारे वेढे ६ चे ५ झाले की स्प्रिंग २० टक्के कडक होते. म्हणजे चाकाला वर जायला जागा कमी उरते आणि जुना शॉकॲब्सॉर्बर त्या कडक स्प्रिंगला आवरायला अपुरा पडतो. खड्ड्यात गाडी थेट बंप स्टॉपच्या रबरावर आपटते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक लोंबकळले तर स्प्रिंग जागची हलू शकते. टो आणि कॅम्बर हे चाकांचे कोन बिघडून टायर आतल्या कडेने झिजतात, तेव्हा अलाइनमेंट तरी लगेच करून घ्यावे.

पकडीचे गणितही फसवे आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी उतरवली की त्याचा खालचा आर्म चाकाच्या बाजूला वर चढतो आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. वळणावर कलवणारी तरफ त्यामुळे लांबते. कडक स्प्रिंगमुळे ते जाणवत नाही, इतकेच. खंबाटकी किंवा पसरणी घाटात मधोमध खड्डा असलेले वळण आले की हे उमगते.

मारुती स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आहे. ४० मिमी उतरवल्यावर १२३ उरतो, चौघे बसल्यावर आणखी कमी. भारतीय रोड काँग्रेसच्या आयआरसी-९९ नुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा हवा. २,४५० मिमी व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध आली, तर पोटाखाली डांबर जेमतेम ४४ मिमी चढते. लो केलेली गाडीही सुटते. अडचण आहे ती गावाच्या वेशीवर डांबराचा ढीग ओतून केलेल्या उभट गतिरोधकाची. तिथे इंजिनचे चेंबर घासते, आणि ते फुटून ऑइल गेले तर इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा रस्ता सपाट राहत नाही. त्यात गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांचे ओझे.

कायदाही अनुकूल नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ फेरफारांवर बंधन घालते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मंजूर प्रारूपाशी विसंगत बदल अमान्य ठरवले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये, परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

कारागिरी आणि नियम यांचा सामना सांगली जिल्ह्याने वेगळ्या प्रकारेही पाहिला आहे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून किकने सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नाही हेही सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.