बहात्तरच्या दुष्काळातले सरकारी धान्य

महाराष्ट्रात १९७० पासून पाऊस ओळीने कमी पडत गेला आणि १९७२ साली खरिपापाठोपाठ रब्बीही हातची गेली. सोलापूर, अहमदनगर, बीड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत ज्वारी हेच पोटभरीचे अन्न. शेतमजुराची मजुरी बरीचशी धान्यातच मिळत असे. पेरणीच झाली नाही, तेव्हा काम आणि भाकरी एकदमच गेली. शेतकऱ्याच्या घरातली कणगीही लवकरच रिकामी झाली.

दुष्काळात सरकारने काम काढावे, ही रीत इंग्रजी अमदानीतल्या दुष्काळ संहितेपासूनची. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने ती पूर्वी कधी नव्हती इतकी विस्तारली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. राज्याची ग्रामीण लोकसंख्या तेव्हा साडेतीन कोटींच्या आसपास होती, म्हणजे सातांतला एक जण सरकारी कामावर होता. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. एरवी दुसऱ्याच्या बांधावर पाऊल न टाकणारे जमीनवालेही हजेरीपटावर नाव घालू लागले.

मजुरीच्या पैशांतून रेशनच्या दुकानातले धान्य घ्यायचे. तिथे मिळे ती अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी कोणाला आवडली नाही, पण त्या वर्षी लाखो घरांत तीच भाजली गेली. कामावर सुकडी नावाचा पौष्टिक कोरडा खाऊ वाटला जाई. त्या पिढीच्या आठवणीत बहात्तर साल म्हणजे मिलो आणि सुकडी.

रेशनचा कोटा मात्र गरजेला कधीच पुरला नाही. शहरांतही टंचाई आणि महागाई होती. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. राज्याराज्यांत धान्य नेण्यावर बंदी असतानाही परराज्यातले धान्य चोरवाटांनी महाराष्ट्रात येत राहिले, कारण मजुराच्या हातात ते विकत घेण्यापुरते पैसे होते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाच्या अभ्यासात नेमके यावरच बोट ठेवले आहे. माणसे जगली ती नुसत्या वाटपाने नव्हे. मजुरी नसती, तर रेशनचे दुकान उघडे असूनही चूल पेटली नसती.

हे काम दुष्काळ सरल्यावरही मिळावे, हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून लावून धरला होता. त्यातून उभी राहिलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप आले. तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. खर्चासाठी १९७५ पासूनच व्यवसाय कर बसवलेला होता. पगारदारांच्या, मुख्यतः शहरांतल्या, वेतनातून कापलेल्या त्या पैशांवर खेड्यातल्या मजुराची हजेरी भरू लागली.