मुलांसमवेत वस्तुसंग्रहालयांत

वस्तुसंग्रहालय हें लहान मुलांचें ठिकाण नव्हे, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ आहे. मुलें धांवतात, कांचेला हात लावतात, दहा मिनिटांत कंटाळतात आणि चित्रांपेक्षां पहारेकऱ्याच्या टोपीकडेच अधिक पाहतात. तेव्हां तीं जरा मोठीं झालीं म्हणजे नेऊं, असें म्हणून आपण बेत लांबणीवर टाकतों. मुलें मोठीं होतात, परीक्षा मागें लागतात आणि बेत राहून जातो. याचा सारा दोष आईबापांकडे देतां येणार नाहीं. आपल्याकडे संग्रहालयें ज्या हेतूनें निघालीं, त्या हेतूंतच लहान मुलाला जागा नव्हती.

१८५१ सालीं लंडनला आणि १८५५ सालीं पॅरिसला मोठीं प्रदर्शनें भरलीं. तेथें या देशांतला कच्चा माल आणि कारागिरी पाठविण्यासाठीं मुंबईंत जी जमवाजमव झाली, तिच्यांतूनच मुंबईच्या पहिल्या सरकारी संग्रहालयाचा उगम झाला. धान्यें, लांकडांचे नमुने, धातु, कापड, कोरीव काम असा तो संसार होता. तो पाहावा कोणीं? तर व्यापाऱ्यानें, अंमलदारानें, फार तर होतकरू कारागिरानें. डॉ. बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट यांच्या खटपटीनें पुढें भायखळ्यास स्वतंत्र इमारत उठली आणि २ मे १८७२ रोजीं ती लोकांना खुली झाली. १९७५ पासून तिला भाऊ दाजींचेंच नांव आहे.

मात्र ही इमारत बागेंत बांधली गेली, ही गोष्ट मुलांच्या पथ्यावर पडली. पुढें त्याच राणीच्या बागेंत प्राणिसंग्रहालय आलें, आणि वाघ-माकडें पाहावयास आलेलीं कुटुंबें परततांना संग्रहालयांतही डोकावूं लागलीं. ज्यांच्यासाठीं तें मांडलें नव्हतें, तेच त्याचे खरे गिऱ्हाईक ठरले. बाहेर घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटाला एलिफंटा म्हटलें; १८६४ सालीं तो तुकड्यांच्या रूपानें मुंबईंत आला आणि १९१४ सालीं ते तुकडे सांधून पुन्हा उभा केला गेला. आंत गेल्यावर नाना जातिजमातींच्या पोषाखांतल्या आणि नाना धंद्यांत गुंतलेल्या मातीच्या चिमुकल्या मूर्ति आहेत. पंडितांना यांत कलेचा अंश किती, याची शंका येईल. मुलांना ती कधींच आली नाहीं.

फोर्टमधल्या घुमटाच्या संग्रहालयाची कथा अधिक गमतीची आहे. १९०५ सालीं त्याची कोनशिला बसली. पण इमारत तयार झाली तेव्हां पहिलें महायुद्ध चालू होतें. म्हणून कांहीं काळ तेथें लष्करी रुग्णालय होतें आणि बालसंगोपनाचें केंद्रही होतें. संग्रहालय म्हणून तें उघडलें १० जानेवारी १९२२ रोजीं. म्हणजे मूर्ति आणि चित्रें लोकांपुढें येण्यापूर्वींच मुलें त्या घुमटाखालीं येऊन गेलीं होतीं! आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्याच आवारांत खास मुलांसाठीं निराळें संग्रहालय उघडावयास मात्र २०१९ साल उजाडावें लागलें.

आतां चित्रांसमोर मुकाट्यानें उभें राहण्याच्या शिस्तीविषयीं. ही शिस्त आपल्याकडे या इमारतींबरोबरच आली. त्यापूर्वीं आपल्या खेडोपाडीं चित्र पाहिलें जाई तें ऐकत ऐकत. चित्रकथी रामायण-भारतांतल्या प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक पुढें धरी आणि वाद्याच्या साथीनें कथा सांगे. पुढें बसलेल्या मंडळींत मांडीवरच्या पोरापासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सारे असत. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनीं ही परंपरा अद्यापि जतन केली आहे. पैठणी शैलीचीं म्हणून ओळखलीं जाणारीं अशींच चित्रें पुण्याच्या केळकर संग्रहालयांत आहेत; परंतु तेथें तीं अबोल आहेत. मोठे डोळे केलेला तो राक्षस पाहून मूल ‘हा कोण? याचें पुढें काय झालें?’ असें विचारतें, तेव्हां तें गैरशिस्त वागत नसतें. तें चित्र ज्या रीतीनें पाहावयाचें म्हणून काढलें, त्याच रीतीनें तें पाहात असतें. अशा वेळीं ‘हळू बोल’ एवढें सांगावें. ‘गप्प बस’ म्हणूं नये.

केळकर संग्रहालयाचें नांव निघालेंच आहे, तर तेथें थोडें थांबूं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तु जमविण्याचा छंद लागला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षीं वारला. पत्नी कमलाबाई यांच्या साथीनें त्यांनीं गांवोगांव हिंडून जें जमविलें, तें या मुलाच्या स्मृतीस वाहिलें. आणि १९७५ सालीं सबंध संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला, त्यावरही नांव राहिलें तें राजाचें. राजेमहाराजांच्या नांवांचीं संग्रहालयें देशांत पुष्कळ आहेत. पण येथला ‘राजा’ हा सात वर्षांचा मुलगा आहे, हें दारावरची पाटी वाचणाऱ्या कितीकांच्या ध्यानांतही येत नसेल.

आणि त्या मुलाचा हात धरूनच जणू या वस्तु निवडल्या आहेत. सिंहासनें, हिरेमाणकें येथें शोधूं नयेत. दिवे, समया, अडकित्ते, पानाचे डबे, किसण्या, दौती, बाहुल्या, सोंगट्या, गंजिफा असा हा घरगुती पसारा. त्यांतच वज्र्या आहेत. आंघोळीच्या वेळीं टांच घासावयाची ही खरखरीत वस्तु. पण तिची मूठ पाहावी तर कुठें हत्ती, कुठें घोडा, कुठें पांखरूं. पायाच्या टांचेसाठीं हत्ती कशाला, असें मूल विचारील. या एका प्रश्नांत कलेचा अर्धा इतिहास सांठला आहे, आणि विद्वानांनींही त्याचें उत्तर देतांना कित्येक ग्रंथ खर्ची घातले आहेत.

येथें वेळेचा प्रश्न येतो. घड्याळाच्या नव्हे, पिढ्यांच्या. कपाटावरची पाटी वस्तूचें नांव, धातु आणि फार तर शतक सांगते. वज्री कोणत्या हातीं धरीत, तिनें किती दुखे, सासरच्या न्हाणीघरांत ती कोणाच्या मालकीची असे, हें पाटी सांगत नाहीं. हें ज्यांना ठाऊक आहे त्या आज्या आज थोड्या उरल्या आहेत, आणि त्याही आपण होऊन बोलत नाहींत. कोणी विचारलें तरच बोलतात. मोठीं माणसें विचारीत नाहींत, कारण आपल्याला हें माहीत आहे असें त्यांना वाटतें. विचारतें तें मूल.

म्हणून संग्रहालयांत जातांना आजीला किंवा आजोबांना बरोबर घ्यावें. केळकरांच्या संग्रहांत २०,००० हून अधिक वस्तु आहेत आणि मांडलेल्या आहेत सुमारें २,५००. त्यांपैकीं चार-पांच पाहिल्या तरी एका दुपारीं पुष्कळ झालें. कोणत्या पाहावयाच्या हें मुलानें ठरवावें. खालच्या कप्प्यांतल्या वस्तूपाशीं तें रेंगाळलें, तर आपणही गुडघे टेकून त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती पाहावी. तेथून ती बरीच निराळी दिसते. एक वही जवळ असूं द्यावी. आजी काय सांगते तें तींत टिपावें, आणि मुलाला अक्षर काढतां येत असेल, तर पेन्सिल त्याच्याच हातीं द्यावी.