माजघरांतील धर्म

एखाद्या मनुष्यानें धर्म पालटला म्हणजे इतिहासकार त्याची तारीख टिपून ठेवितो व पुढील कामास लागतो. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस झाला, एवढें लिहिलें कीं टिपण पुरें झालें. परंतु धर्म तारखेनें सिद्ध होत नाहीं, वर्तनानें होतो. आणि वर्तनाची खरी परीक्षा व्यासपीठावर न होतां माजघरांत होते. म्हणून टिळकांच्या ख्रिस्तनिष्ठेचा विचार करतांना त्यांचीं व्याख्यानें व कविता क्षणभर बाजूस ठेवून आम्ही त्यांच्या संसाराकडे वळतों. या संसाराचा साक्षीदारहि असा लाभला आहे कीं, त्यास कोणाची भीड नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं, आणि त्यांत पतीचे गुण जितक्या प्रेमानें तितकेच दोषहि मोकळेपणानें सांगितले आहेत.

लक्ष्मीबाईंचें बालपण नाशिकजवळील जलालपुरास गेलें. वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, बाजारांतून आलेली वस्तु धुतल्याखेरीज घरांत येत नसे. अशा घरांत वाढलेल्या स्त्रीच्या कानीं पती ख्रिस्ती झाल्याची वार्ता आली, तेव्हां तिच्यावर काय प्रसंग गुदरला असेल, याची कल्पना आमच्या वाचकांनीं आपल्या आजीपणजीस आठवून करावी. लहान मुलास पोटाशीं धरून सुमारें पांच वर्षें त्या पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयानें राहिल्या.

या पांच वर्षांतच टिळकांच्या नव्या धर्माची कसोटी लागली, असें आम्हांस वाटतें. धर्मांतरामुळें जोडीदार नांदावयास तयार नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या माणसास न्यायालयांत जाऊन विवाहबंधन तोडून घेण्याची मुभा १८६६ च्या कायद्यानें दिली होती. टिळकांनीं तो मार्ग धरला नाहीं. पत्रव्यवहार चालू ठेविला व वाट पाहिली. पुढें लक्ष्मीबाई परत आल्या, त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. पतीजवळ येऊन राहिल्यावरहि कांहीं काळ त्यांनीं आपली चूल व आपलें पाणी निराळेंच ठेविलें. ज्या धर्मोपदेशकास आपल्या घरांतील दुसरी चूल सहन होते, त्याच्या उपदेशावर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं.

लक्ष्मीबाईंचें परिवर्तनहि वादविवादानें घडलें नाहीं. जात देवानें केली कीं माणसानें, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाशींच सोडविला. बाप्तिस्मा घेण्यापूर्वींच कोणाच्याहि हातचें खाण्यापिण्याचा निश्चय त्यांनीं केला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० मध्यें झाला. आधीं आचार पालटला व नंतर नांव, हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. पुढें नगरच्या त्यांच्या घरांत अनाथ मुलें, गरीब विद्यार्थी व वाटसरू यांचा राबता अखंड राहिला. बालकवि ठोंबरे यांस त्यांनीं पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें. ते हिंदु होते व हिंदुच राहिले. प्लेगच्या दिवसांत या जोडप्यानें रोग्यांची शुश्रूषाहि केली.

तथापि येथें एक गोष्ट न लपवितां सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. टिळकांचें औदार्य पुष्कळदां घरांतील पैशांचा हिशेब न पाहतां चाले. खिशांत असेल तें समोरच्याच्या हातावर ठेवून ते मोकळे होत. संध्याकाळीं पानें वाढण्याची विवंचना मात्र पत्नीच्या वांट्यास येई. रागहि त्यांना लवकर येई. साधुपुरुषांच्या चरित्रांत दात्याचें नांव राहतें. ज्या काटकसरीच्या बळावर तें दान होतें, तिची नोंद होत नाहीं. लक्ष्मीबाईंनीं लेखणी हातीं धरली नसती, तर येथेंहि तसेंच झालें असतें. त्यांनीं ती नोंद केली, पण तक्रार म्हणून केली नाहीं, हंसत हंसत केली. आमच्या मतें क्षमेचें याहून चांगलें उदाहरण प्रवचनांत सांपडणें कठीण.

१९१७ मध्यें टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंसहि जागा होती. ही कल्पना पुष्कळांस नवी वाटली. परंतु तिचा पाया दोन चुलींच्या त्या घरांत फार पूर्वींच घातला गेला होता. मे १९१९ मध्यें टिळक वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें व १९३६ मध्यें त्याहि गेल्या.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा धर्म टिळकांहून निराळा आहे. परंतु आपला धर्म खरा किती, हें विचारावयाचें असेल तर तें देवळांत किंवा सभेंत विचारूं नये. आपल्याशीं मतभेद असलेल्या माणसास आपल्या घरांत किती सुखानें राहतां येतें, हें पाहावें. टिळकांच्या घरीं तें पाहतां येतें, म्हणूनच तें घर इतिहासांत नोंदण्यासारखें आहे.