टेलिग्राफ बेट (जझिरत अल मकलब)

ओमानच्या मुसंदम द्वीपकल्पातील खोर अश-शाम या खाडीतले एक लहानसे खडकाळ बेट. भारत व युरोप यांना जोडणाऱ्या तारमार्गाचे ठाणे १८६० च्या दशकात येथे होते. न्हावा शेवाहून कतारमधील हमद पोर्टकडे जाणारी जहाजे होर्मुझच्या सामुद्रधुनीत याच द्वीपकल्पाला वळसा घालतात. बेट मात्र कड्यांआड, खाडीत खोलवर असल्याने जहाजांवरून दिसत नाही. ब्रिटिश नकाशांत ही खाडी ‘एल्फिन्स्टन इनलेट’ आणि अरुंद भूपट्टीपलीकडची ‘माल्कम इनलेट’ म्हणून येते. ही दोन्ही आडनावे मुंबईच्या गव्हर्नरांची.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना विलायतेशी थेट तारेची निकड भासू लागली. तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली केबल १८६० मध्ये निकामी ठरली, तेव्हा इराणच्या आखाताचा मार्ग निवडण्यात आला. लेफ्टनंट कर्नल पॅट्रिक स्ट्युअर्ट यांच्या देखरेखीखाली १८६४ मध्ये ग्वादर–मुसंदम–बुशेर–फाओ अशी केबल समुद्रात टाकली गेली. कराची ते ग्वादर ही तार जमिनीवरून जात होती. तांब्याच्या तारेला गटापर्चाचे वेष्टन होते. इंग्लंडहून केबल आणणाऱ्या शिडाच्या जहाजांपैकी ‘ट्वीड’ व ‘असाय’ ही मूळची मुंबई गोदीत बांधलेली युद्धजहाजे होती; ‘असाय’चे नाव जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईवरून पडलेले. १८६५ च्या सुरुवातीस भारत–युरोप तारव्यवहार सुरू झाला. त्याच जानेवारीत स्ट्युअर्ट कॉन्स्टँटिनोपल येथे मरण पावले.

लांब केबलमधून जाताना संकेत क्षीण होतो. म्हणून अशा ठाण्यावर एका बाजूचा संदेश उतरवून पुढे पुन्हा पाठवावा लागे. स्थानिक टोळ्यांच्या भीतीने ठाणे किनाऱ्याऐवजी बेटावर बांधले. सुरक्षितता मिळाली, पण चहूबाजूंच्या उघड्या कड्यांमुळे वारा अडतो आणि तापलेला खडक उन्हाळा असह्य करतो. काही वर्षांतच, १८६०-७० या दशकाच्या अखेरीस, केबल इराणच्या बाजूला जास्क व हेंगामकडे वळवली गेली आणि ठाणे ओस पडले.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी अंतर्भागातील ॲलिस स्प्रिंग्ज तारठाणे (१८७२) डागडुजी करून संग्रहालयासारखे जपले आहे. मकलबवर मात्र प्रामुख्याने पायऱ्या आणि इमारतींची जोतीच पाहायला मिळतात. खसब बंदरातून ढाऊने दिवसभराची सफर करता येते. वाटेत डॉल्फिन दिसतात, आणि फक्त होडीनेच पोहोचता येणारी गावेही लागतात. हिवाळा सोयीचा. ओहोटीच्या वेळी बेटावर उतरणे अवघड जाते.