प्रारण संरक्षण प्रशिक्षण, अणुवीज केंद्रांतील

अणुवीज केंद्रांत काम करणाऱ्या व्यक्तींना आयनीकारक प्रारणाचे (अणूंतील इलेक्ट्रॉन अलग करू शकणाऱ्या किरणांचे वा कणांचे) स्वरूप, त्यापासून होणारे अपाय व ते टाळण्याच्या रीती यांविषयी देण्यात येणारे शिक्षण. हे प्रारण डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नसतो व त्याचा स्पर्शही जाणवत नाही. इतर कारखान्यांत उष्णता, धूर वा आवाज यांमुळे कामगाराला जी पूर्वसूचना मिळते, ती येथे मिळत नाही. म्हणून स्वतःच्या ज्ञानेंद्रियांऐवजी मापकावर व नियमांवर विसंबण्याची सवय लावणे, हे या प्रशिक्षणाचे मुख्य कार्य होय.

पूर्वेतिहास : पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमयुक्त रंगाने रंगविणाऱ्या स्त्रिया कुंचल्याला ओठांनी टोक काढीत. रंग निरुपद्रवी असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. पोटात गेलेले रेडियम हाडांत साचून त्यांपैकी अनेकींना असाध्य विकार जडले व कित्येकींचा मृत्यू झाला. १९२८ मध्ये प्रारण संरक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. शिकागो येथे १९४२ मध्ये पहिला अणुकेंद्रीय विक्रियक उभारला गेला, त्या प्रकल्पात कामगारांच्या संरक्षणासाठी शास्त्रज्ञांचा स्वतंत्र गट नेमण्यात आला.

भारतातील विकास : तुर्भे येथील ‘अप्सरा’ हा विक्रियक ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाला व १९५७ मध्ये तेथे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. या काळातील प्रशिक्षणार्थी मुख्यत्वे विज्ञानाचे व अभियांत्रिकीचे पदवीधर होते. तारापूर (तेव्हा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) येथील केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्यावर परिस्थिती पालटली. तेथील पहिल्या दोन उकळत्या पाण्याच्या विक्रियकांत वाफ गाभ्यातून सरळ टरबाइनकडे जाते. त्यामुळे प्रारणापासून जपण्याची गरज विक्रियकाच्या इमारतीपुरती मर्यादित राहत नाही. सुरुवातीच्या वर्षांत इंधनकांड्यांच्या आवरणांतून गळती झाल्याने किरणोत्सर्गी द्रव्ये यंत्रसामग्रीत पसरली. दुरुस्तीच्या वेळी प्रत्येकाची मात्रा (शरीराने ग्रहण केलेल्या प्रारणाचे परिमाण) मर्यादेत राहावी म्हणून काम अनेकांत वाटून द्यावे लागे व त्यासाठी तात्पुरत्या कामगारांचीही गरज भासे. अशा वाटणीने एकट्याची मात्रा घटते. परंतु ज्यांना शिकवावयाचे त्यांची संख्या वाढते आणि शिकविण्यास मिळणारा अवधी कमी होतो.

स्वरूप : काल, अंतर व आच्छादन ही संरक्षणाची तीन सूत्रे प्रथम शिकविली जातात. काम थोडक्या वेळात उरकणे, उगमापासून दूर राहणे (लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट केल्यास प्रारणाची तीव्रता एकचतुर्थांश होते) आणि मध्ये शिसे, काँक्रीट वा पाणी यांचा अडसर ठेवणे, असा त्यांचा अर्थ आहे. बाहेरून पडणारे प्रारण आणि श्वास, अन्न वा जखम यांवाटे शरीरात जाणारे किरणोत्सर्गी द्रव्य यांतील भेद समजावून देणे त्याहून अवघड असते. दूषित कपडे त्वचेला बाहेरची बाजू न लागता उतरविणे, हातपाय तपासून घेणे व नियंत्रित क्षेत्रात खाणेपिणे टाळणे हे प्रत्यक्ष करवून घ्यावे लागते. जोखमीच्या कामाचा सराव प्रतिकृतीवर केला जातो. कारण आधी सराव झालेले काम लवकर उरकते व मात्राही कमी मिळते. मात्रा मोजण्यासाठी पूर्वी छायाचित्रण फिल्मचा बिल्ला वापरीत. भारतात १९७५ पासून डिस्प्रोसियमयुक्त कॅल्शियम सल्फेटाच्या चकत्या असलेला बिल्ला वापरात आला. या चकत्या तापविल्या असता त्यांत साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते व तीवरून मात्रा काढतात.

नियमन : प्रारण संरक्षणाचे नियम १९७१ मध्ये करण्यात आले व त्यांची जागा २००४ च्या नियमांनी घेतली. अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. पूर्वी वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट असलेली कामगारांची मर्यादा पुढे सलग पाच वर्षांत १०० व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी खाली आणण्यात आली. निसर्गतः माणसाला मिळणारी वार्षिक मात्रा जगात सरासरी २·४ मिलिसिव्हर्ट आहे.

अपघातांचे धडे : थ्री माइल आयलंड येथील अपघाताच्या (१९७९) चौकशीत चालकांच्या प्रशिक्षणातील उणिवा उघड झाल्या. जपानमधील तोकाइमुरा येथील इंधन कारखान्यात ३० सप्टेंबर १९९९ रोजी कामगारांनी संमत पद्धत सोडून युरेनियमचा विद्राव बादल्यांनी टाकीत ओतला व शृंखला विक्रिया सुरू झाली. दोघे मरण पावले. ठराविक परिमाणापेक्षा अधिक युरेनियम एकत्र आल्यास काय घडते, याचे पुरेसे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. फुकुशिमा येथे २४ मार्च २०११ रोजी मापकाची धोक्याची घंटा वाजत असतानाही तीन कामगार दूषित पाण्यात काम करीत राहिले. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्यात ट्रिटियम मिसळल्याचे कामगारांच्या नियमित मूत्रपरीक्षेतून कळले. ट्रिटियमचे क्षीण प्रारण बिल्ल्यावर उमटत नाही. म्हणजे बिल्ल्याच्या मर्यादाही शिकविणे आवश्यक ठरते.

नियम पाठ असणे आणि घंटा वाजताच हातचे काम टाकून बाहेर येणे यांत अंतर आहे. काही आठवड्यांसाठी आलेल्या तात्पुरत्या कामगाराच्या बाबतीत ते अधिक असते. कारण त्याला शिक्षण अल्प मिळते व रोजगार जाण्याची भीती असते. त्याला समजेल अशा भाषेत धोका सांगणे, त्याच्या मात्रेची नोंद त्याला दाखविणे आणि शंका आल्यास काम थांबविल्याबद्दल त्याचे नुकसान होऊ न देणे, यांवर या प्रशिक्षणाचे यश अवलंबून असते.